मोटर गेली तरी सायकल उरली पाहिजे

"मोटर लावलीस? मग गाडीच घ्यायची ना!"

सायकलला मोटर लावली की हे वाक्य फुकटात मिळतं. सोसायटीचा वॉचमन म्हणतो, ऑफिसातला टीम लीड म्हणतो, सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला म्हणतो. बोलणारा चिडलेला नसतो, त्याला खरंच प्रश्न पडलेला असतो. दुसरं वाक्य सायकलवाल्यांकडून येतं आणि ते मात्र चिडूनच येतं: "हे चीटिंग आहे." तिसरं दुकानात ऐकायला मिळतं: "सर, या जुन्या सांगाड्यावर कशाला पैसे घालताय? नवीन ई-सायकल घ्या, ईएमआय आहे." चौथा पक्ष कायद्याचा. तो तोंडाने काही बोलत नाही. घरी मोटर लावलेली सायकल अस्तित्वातच नाही असं धरून चालतो.

मला या चौघांशी भांडायचं आहे. माझं म्हणणं असं आहे: लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी, जुन्या पण धडधाकट स्टीलच्या टूरिंग सायकलला एक छोटी मोटर लावणं हा ई-सायकलचा सगळ्यात शहाणा प्रकार आहे. आपण त्याला जुगाड म्हणून हसतो, फसवणूक म्हणून हिणवतो आणि नियमांतून वगळतो. नेमकं जे करायला हवं तेच करणाऱ्या माणसाला चोरासारखं वाटायला लावतो.

गाडी का नको

आधी वॉचमनच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो प्रश्न प्रामाणिक आहे.

टूरिंग सायकल म्हणजे सामान लादून दिवसचे दिवस चालवायची सायकल. तिचा व्हीलबेस लांब असतो, पुढे-मागे कॅरिअर बसवायला भोकं असतात, टायर जरा रुंद असतात आणि चढासाठी अगदी हलके गिअर असतात. ती वेगवान नसते. ओझं घेऊन सरळ चालते, हा तिचा गुण. माझी पंधरा वर्षं जुनी आहे, क्रोमोली स्टीलची, आणि माझ्याकडे येण्याआधी तिने दोन मालक बघितलेत. तिच्यावर मी बॅटरीसह पंचवीस हजारांच्या आत खर्च करून २५० वॅटची मोटर बसवली. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. म्हणजे ३६० वॅट-अवर.

आता पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाऊ. साधारण ४० किलोमीटर. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. चढ १,३०० मीटर धरू. मी, सायकल, मोटर, बॅटरी आणि सामान मिळून १०० किलो. हे १०० किलो १,३०० मीटर वर न्यायला शाळेतल्या सूत्राने सुमारे ३५४ वॅट-अवर ऊर्जा लागते. रस्त्यावर टायर घासतात त्याचे अजून ८५-९० मिळवा. हवेचा अडथळा सोडला तरी हिशोब ४४० पर्यंत जातो.

बॅटरीत आहेत ३६०. मोटर आणि कंट्रोलर मिळून त्यातला चौथा हिस्सा तरी उष्णतेत घालवतात. चाकाला मिळतात २७०. म्हणजे मी पाय हलवलेच नाहीत, तर साधारण साठ टक्के वाटेवर, चोविसाव्या किलोमीटरच्या आसपास, ऐन घाटात गाडी बंद. आणि निम्मं काम मी केलं तर? मग मोटरला चाकावर २२० द्यायचे आहेत, त्यासाठी बॅटरीतून जातील २९० ते ३००. पोहोचलो, वर थोडी शिल्लकही राहिली.

हा ढोबळ हिशोब पुरेसा आहे. रोज सायकल चालवणारा, पण खेळाडू नसलेला माणूस तासन्‌तास साधारण १०० वॅट देऊ शकतो. एकट्याने ४४० वॅट-अवर म्हणजे साडेचार तास सलग चढ. मोटरने तेवढाच हात लावला तर वेळ निम्म्यावर येतो. हवा, वळणं आणि चहा धरून तीन तासांच्या आत-बाहेर. घाम येतोच, फक्त वर पोहोचल्यावर संध्याकाळ शिल्लक असते.

गाडीशी तुलना आता करा. बाजारातल्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी दोन ते चार किलोवॅट-अवरची असते, माझी ०.३६. ती गाडी शंभर किलोच्या पुढची, ही सामान काढलं तर वीस किलोची. घाटात स्कूटर बंद पडली की टेम्पो बोलवावा लागतो. सायकलची बॅटरी संपली की खालचा गिअर टाकायचा. माझी बॅटरी पूर्ण भरायला चार्जरचं नुकसान धरून अर्ध्या युनिटच्याही आत वीज लागते. दहा रुपये युनिट धरलं तरी पाच रुपये. खानावळीत जेवायला बसताना "जरा चार्जिंगला लावू का?" असं विचारायला संकोच वाटत नाही, कारण मागतोय ते चहाच्या किमतीहून कमी आहे. दोन अँपिअरच्या चार्जरवर दीड तासात तीन अँपिअर-अवर भरतात. पुढच्या एका चढापुरते ते पुरतात.

म्हणून गाडी नको. गाडी मला उचलून नेते. ही मोटर माझ्यासोबत ओझं उचलते, आणि मी सोडलं तर तीही सोडते.

गिअरसुद्धा एकेकाळी चीटिंग होते

आता सायकलवाले. माझे लोक आहेत, म्हणून जरा जास्त बोलतो.

सायकलवर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे भांडण जुनं आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे जनक आंरी देग्रांज. त्यांचं मत असं होतं की चढ आला म्हणून गिअर बदलण्याची सोय ही पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहे, मर्द गड्याने स्नायूंच्या जोरावर चढावं. डिरेलर, म्हणजे आज बहुतेक गिअरच्या सायकलींत चेन इकडून तिकडे नेणारा भाग, त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मना होता. त्याच काळात सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, जो 'व्हेलोसिओ' या नावाने लिहायचा, गिअर बदलता येणाऱ्या सायकलींचा हिरिरीने प्रचार करत होता आणि त्यांच्यावर लांबलांबच्या सफरी करत होता. व्हेलोसिओ १९३० साली वारला, त्याच्यानंतर सात वर्षांनी शर्यत त्याच्या वाटेवर आली. शर्यतवाल्यांना जे पटायला तीन दशकं लागली ते टूरिंगवाल्यांना आधीच पटलेलं होतं, कारण त्यांना कोणाला हरवायचं नव्हतं, कुठेतरी पोहोचायचं होतं.

आज जो माणूस २७ गिअरच्या सायकलवरून माझ्या मोटरकडे बोट दाखवतो, तो स्वतः एका जुन्या 'चीटिंग'वर बसलेला आहे.

फसवणूक कशाला म्हणायचं याबद्दल माझा काही गोंधळ नाही. २०१६ साली बेल्जियममधल्या जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धेत एका खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली आणि सहा वर्षांची बंदी आली. योग्यच झालं. बीआरएम राइडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात, आणि तिथे फक्त माणसाच्या ताकदीवर चालणारं वाहन चालतं. तेही योग्य. जिथे नियम मान्य करून नाव नोंदवलंय तिथे मोटर नेणं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडणं. पण दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून पुढे तवसाळ-जयगड करत मालवणला निघालेल्या माणसाने कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरलाय?

ज्यांनी तो किनारा सायकलने केलाय त्यांना ठाऊक आहे. प्रत्येक खाडीशी रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. चढ लहान, पण अंगावर येणारे. वर जांभ्या दगडाचा सडा तापलेला, सावलीला झाड नाही. दिवसातून चार-पाचदा हे करायचं आणि सामान कॅरिअरवर. पंचविशीत जमतं. प्रश्न पंचविशीचा नाहीच.

माझे मामा साताऱ्याला असतात. वय ६२. कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर सायकलच्या एका ग्रुपमध्ये जाऊ लागले. दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला. दोन वर्षं मजेत गेली. मग गुडघा धरला. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलं नाही, चढावर जोर देऊ नका असं सांगितलं. साताऱ्यात राहून चढावर जोर द्यायचा नाही म्हणजे घरातच बसायचं. मी त्यांच्या सायकलला माझ्यासारखीच मोटर लावून दिली. पुढच्या रविवारी ते ग्रुपसोबत वर गेले, त्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ई-बाइकवाल्यांनी कृपया वेगळा ग्रुप करावा, इतरांचं मनोबल खचतं.

मामा काही बोलले नाहीत. मला फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, मी त्यांच्या पुढे जात नव्हतो. त्यांच्याबरोबर जात होतो."

मोटरचा खरा उपयोग त्या वाक्यात आहे. तिने मामांचा वेग तरुणांपेक्षा वाढला नाही, तरुणांच्या बरोबरीला आला. मी आणि मामा आता एकत्र जाऊ शकतो. मी मोटर बंद ठेवतो, ते दोनवर ठेवतात, आणि घाटात आमचं बोलणं चालू असतं. नवरा-बायकोपैकी एकाला सवय आहे, दुसऱ्याला नाही. एखादीला अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचंय. कुणाच्या हातात फक्त शनिवार-रविवार आहेत. या सगळ्यांसाठी मोटर म्हणजे सोबत टिकवायची सोय. ज्याचं मनोबल ६२ वर्षांच्या माणसाच्या मोटरने खचतं, त्याने मनोबलाचं बघावं, मोटरचं नको.

आणि 'व्यायाम होत नाही' हा आक्षेपही तपासून झालेला आहे. युरोपातल्या सात शहरांत केलेली एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. साधी सायकल चालवणारे आणि ई-सायकल चालवणारे यांच्या आठवड्याच्या शारीरिक हालचालीत तिला फारसा फरक सापडला नाही. कारण सरळ आहे: दर किलोमीटरला कष्ट कमी, पण ई-सायकलवाले जास्त लांब जातात.

सीलबंद ई-सायकल नको

तिसरा पक्ष दुकानाचा. नवीन ई-सायकल का घेत नाही?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एक साधी शिस्त असते: एखादा भाग कोसळला तर सगळी यंत्रणा कोसळू नये, तिने कमी सोयींत का होईना काम चालू ठेवावं. पेमेंट बंद पडलं तरी लोकांना त्यांची जुनी तिकिटं दिसली पाहिजेत. लांब पल्ल्याच्या सायकलीला मी हाच एक नियम लावतो. मोटर गेली तरी सायकल उरली पाहिजे.

दुकानातल्या बऱ्याच ई-सायकली या परीक्षेत नापास होतात. फ्रेमच्या पोटात खास आकाराची बॅटरी, खास कनेक्टर, खास डिस्प्ले, काहींना फोनवरचं अ‍ॅप. दोन-तीन गिअर किंवा एकच. मोटर बंद केली तर ती इतकी जड चालते की चढावर उतरून ढकलावी लागते. शहरात चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जायला ती ठीक आहे. गुहागरच्या पुढे, जिथे सर्व्हिस सेंटर नाही आणि नेटवर्कही जेमतेम, तिथे ती भंगार होऊ शकते.

नेदरलँड्सच्या व्हॅनमूफ कंपनीची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते. तिच्या देखण्या ई-सायकलींचं कुलूप आणि सेटिंग फोनच्या अ‍ॅपवर चालायचं. जुलै २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मालकांना धास्ती पडली की सर्व्हर बंद झाले तर आपल्याच सायकलीची चावी आपल्याकडे राहणार नाही. शेवटी एका स्पर्धक कंपनीने या चाव्या जपून ठेवायचं अ‍ॅप काढून दिलं. सायकल हे शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी पान्याने खोलता येणारं यंत्र. त्याला आपण सर्व्हरच्या दावणीला बांधलं.

युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांसाठी नवा कायदा केला. त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी बाहेरच्या स्वतंत्र कारागिरालाही काढता-बदलता आली पाहिजे, आतल्या सेलसुद्धा. म्हणजे सीलबंदपणा ही तांत्रिक गरज नव्हती, धंद्याची सोय होती, हे कायदा करणाऱ्यांनाही कळलेलं आहे.

माझ्या जुन्या सायकलीवर काय आहे ते सांगतो, म्हणजे फरक दिसेल. मोटर पुढच्या चाकाच्या हबमध्ये आहे, वजन अडीच किलोच्या आसपास. आत गिअर आणि एका दिशेने सुटणारा क्लच आहे, त्यामुळे बंद असताना ती चाक अडवत नाही. बॅटरी पाण्याच्या बाटलीच्या जागी स्क्रूवर बसते. पेडलजवळ एक सेन्सर आहे. पाय फिरले की मोटर चालते, थांबले की थांबते. ब्रेक दाबला की वीज तुटते. मागचं चाक, चेन, गिअर सगळं जसंच्या तसं. जुनं पुढचं चाक घरी टांगलेलं आहे. ते बसवून बॅटरी काढली की सायकल पुन्हा पंधरा वर्षांपूर्वीची होते.

जाणकार इथे विचारतील की मिड-ड्राइव्ह का नाही. पेडलच्या जागी बसणारी ती मोटर चेनमधून ताकद देते, त्यामुळे सायकलीचे हलके गिअर तिलाही मिळतात. घाटात ती माझ्या मोटरपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. हब मोटरचा वेग दहाच्या खाली गेला की ती वीज खाते आणि तापते. आतले नायलॉनचे गिअर त्याने झिजतात. म्हणून खड्या चढावर मला जोर द्यावाच लागतो आणि सुट्या खडीवर पुढचं चाक फिरतं तेव्हा मोटर बंद करावी लागते. तरीही मी हब निवडली. मिड-ड्राइव्हमध्ये माझे पाय आणि मोटर एकाच चेनवर लटकतात. चेन तुटली की दोघंही गेले. माझ्याकडे पुढचं चाक मोटरचं, मागचं माझं. एक यंत्रणा मेली तर दुसरी घरी आणते. लांबच्या वाटेवर मला जास्त ताकदीपेक्षा हा दुहेरीपणा मोलाचा वाटतो.

दुरुस्ती कोण करणार? पुढचं चाक पंक्चर झालं तर अ‍ॅक्सलचा नट सोडवायला मोठा पाना लागतो. तो मी बाळगतो आणि विसरलो तर कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजात असतो. कॅरिअर तुटलं तर स्टील आहे, गावातला वेल्डिंगवाला डाग देऊन देतो. कंट्रोलर जळला तर कुरिअरने दुसरा येतो आणि तोपर्यंत मी पेडल मारतो. कारखान्याच्या ई-सायकलीला हे 'तोपर्यंत' माहीत नसतं.

आपल्यातलेही काही चुकतात

आता घरचा आहेर. मोटर लावणाऱ्यांमध्ये एक जमात आहे जी हजार वॅटची मोटर, ४८ व्होल्टची बॅटरी आणि थ्रॉटल लावून पंचेचाळीसच्या वेगाने सायकल पळवते आणि त्याचे रील टाकते. ती सायकल राहिलेली नाही. तिचे ब्रेक, रिम, चिमटा यांतलं काहीही त्या वेगासाठी बनलेलं नाही. तिला नंबर प्लेट, विमा आणि हेल्मेट हवं. या लोकांमुळे उद्या सगळ्यांवर बंदी आली तर मला नवल वाटणार नाही.

२५० वॅटलाही शिस्त लागते. पुढची मोटर फक्त स्टीलच्या चिमट्यात बसवायची. अ‍ॅल्युमिनियम, कार्बन किंवा सस्पेन्शनच्या फोर्कमध्ये नाही, कारण मोटरचा पीळ अ‍ॅक्सलला खाचेतून फिरवून बाहेर काढू पाहतो. स्टीलमध्येही टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सल धरून ठेवणारी पट्टी, लावायचीच. ब्रेकच्या केबल आणि गुटके नवे. चढताना मोजलेले ते ३५४ वॅट-अवर उतरताना कुठेतरी जाणारच असतात, आणि ते जातात ब्रेकमधून नि हवेतून. या मोटरला उतारावर वीज परत भरता येत नाही.

बॅटरी मात्र घरी बनवू नका. हे मी इलेक्ट्रॉनिक्सची भीती वाटते म्हणून सांगत नाही. दहा सेलची एक माळ, अशा चार समांतर, त्यावर प्रत्येक पातळीचा व्होल्टेज बघणारा बीएमएस, हे कागदावर सोपं आहे. पण जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून जोडलेला पॅक रात्री बिछान्याशेजारी चार्जिंगला लावणं म्हणजे नशिबाशी जुगार. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ जण मेले. त्याच वर्षी त्या शहराने प्रमाणित नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्यांच्या विक्रीला बंदी केली. खर्च वाचवायचा तर डिस्प्लेत वाचवा. बॅटरी तपासलेली, नावाजलेल्या सेलची, सोबतच्याच चार्जरची. चार्जिंग जागेपणी आणि दारापासून दूर, म्हणजे पळायची वाट मोकळी राहते.

कायद्याने काय करावं

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातल्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. पेडलला साहाय्य करणारी मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटरला किंवा पेडल थांबताच ती बंद होत असेल, तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. व्याख्या समंजस आहे. युरोपातही जवळपास हीच मर्यादा आहे.

अडचण पुढच्या शब्दांत आहे. या अटी ठरवून दिलेल्या चाचणी संस्थेने पडताळून मान्य केलेल्या असाव्या लागतात. अशी एक संस्था, एआरएआय, आमच्या पुण्यात वेताळ टेकडीवरच आहे. कारखाना एक मॉडेल तिथे तपासून घेतो आणि हजारो सायकली विकतो. मी माझी एकुलती एक जुनी सायकल घेऊन टेकडी चढू शकतो, पण ती व्यवस्था माझ्यासाठी उभारलेली नाही. परिणामी त्याच ताकदीची मोटर, तीच वेगमर्यादा, तोच सेन्सर, पण दुकानातून आली तर सायकल आणि माझ्या हातून लागली तर प्रश्नचिन्ह. उद्या अपघात झाला तर ती नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन ठरू शकते.

सरकारी पैसाही नव्याकडेच जातो. दिल्ली सरकारने २०२२ साली पहिल्या १०,००० ई-सायकलींना साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं. कल्पना चांगली, पण नव्या खरेदीसाठी. माळ्यावर धूळ खात पडलेली, अजून वीस वर्षं चालेल अशी स्टीलची सायकल रस्त्यावर आणणाऱ्याला काय? जिच्यासाठी पोलाद ओतून झालंय, फ्रेम जोडून झालीय, ती वापरणं हेच पर्यावरणाचं सगळ्यात स्वस्त काम. आणि तेच कुठल्या योजनेत बसत नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही जमण्यासारख्या आहेत. एक, सायकलऐवजी किटला मान्यता द्या. २५० वॅटच्या आत, २५ ला बंद होणारं, पेडलशिवाय न चालणारं किट एकदा तपासा, त्यावर शिक्का मारा, आणि तो शिक्का असलेलं किट बसवलेली सायकल ही सायकलच माना. दोन, सुट्या बॅटऱ्यांच्या विक्रीला कडक प्रमाणपत्र लावा आणि त्याशिवाय विकणाऱ्याला दंड करा. इथे मला ढिलाई नको आहे. तीन, नव्या ई-सायकलीला जे अनुदान द्याल त्याचा हिस्सा किटलाही द्या. बसवून देणारा गल्लीतला सायकलवाला असेल. त्याचं दुकान आज ट्यूब आणि सीट कव्हरवर चाललंय. आठ दिवसांच्या प्रशिक्षणात तो हे काम शिकेल, आणि मोडलं तर कुठे जायचं हेही ग्राहकाला माहीत असेल.

सायकल ग्रुपवाल्यांकडे मागणी एकच. स्पर्धेला मोटर बंद ठेवा, रविवारच्या फेरीला नको. जो माणूस गुडघा घेऊन पहाटे साडेपाचला तुमच्यासोबत निघतो, त्याच्या हबमध्ये काय आहे ते बघू नका.

आणि हे सगळं फोनवर वाचणाऱ्या तुम्हाला: घरात, गावी, काकांच्या गोठ्यात एखादी जुनी सायकल नक्की असेल. तिच्या चिमट्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील आहे. मग गंज किती खोल गेलाय, चाक सरळ फिरतंय का, सांध्यांना तडे आहेत का, हे एखाद्या चांगल्या सायकलवाल्याकडून तपासून घ्या. मोटरचा विचार त्यानंतर. आधी महिनाभर ती नुसती चालवा, कारण मोटरशिवाय जी सायकल चालवावीशी वाटत नाही, ती मोटर लावूनही लांब नेत नाही.